जादू लागत नाही, मग तलवार लागेल का?

टेबलावर फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळातला हा प्रसंग: समोर लोखंडी गोलेम, म्हणजे जादूने हलणारा पुतळा, उभा आहे. विझर्डने (मांत्रिकाने) आपल्याकडचा सगळ्यात भारी स्पेल (मंत्र) टाकला आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणाला, "त्याला काही झालं नाही." मग फायटर (योद्धा) पुढे सरसावला, वीस बाजूंच्या फाशावर १९ पडले, घाव बसला आणि डीएम पुन्हा तेच म्हणाला. नव्या खेळाडूंच्या टेबलावर खेळ इथे थांबतो आणि वाद सुरू होतो. विझर्ड म्हणतो, जादू चालत नाही तर तलवार चालायलाच हवी. फायटर विचारतो, माझी तलवार जादूची आहे म्हणून ती चालली नाही का? दोन्ही तर्क ऐकायला बरे वाटतात आणि दोन्ही चुकीचे आहेत.

जादूपासूनचं संरक्षण आणि शस्त्रापासूनचं संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही प्राण्यांकडे एक असतं, काहींकडे दुसरं, आणि गोलेमसारख्यांकडे दोन्ही. कोणताही हल्ला चालेल की नाही हे ठरवताना एकच प्रश्न कामाला येतो: शेवटी शत्रूच्या अंगाला काय लागतंय, स्पेल की वस्तू? पुढच्या पायऱ्या हा प्रश्न नीट विचारता यावा म्हणून आहेत. उदाहरणं मुख्यतः डंजन्स अँड ड्रॅगन्सची आहेत, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. तुमचा खेळ वेगळा असेल तर आकडे बदलतील, विचार करायची पद्धत बदलणार नाही.

पायरी १: संरक्षण कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

"याच्यावर जादू चालत नाही" हे वाक्य टेबलावर सर्रास वापरलं जातं आणि जवळजवळ नेहमीच अर्धवट असतं. नियमांच्या पुस्तकात त्याखाली निदान पाच वेगवेगळे प्रकार दडलेले आहेत.

सगळ्यात जास्त गैरसमज 'मॅजिक रेझिस्टन्स' या गुणाबद्दल आहे. पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४च्या नियमांत, याचा अर्थ एवढाच: स्पेल किंवा इतर जादुई परिणामाविरुद्ध सेव्हिंग थ्रो (वाचण्यासाठी टाकायचा फासा, थोडक्यात 'सेव्ह') करताना त्या प्राण्याला ॲडव्हांटेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो. बस्स. डॅमेज अर्धं होत नाही. ज्या स्पेलमध्ये सेव्हच नाही, उदाहरणार्थ फायर बोल्ट किंवा एल्ड्रिच ब्लास्ट, जिथे मांत्रिक स्वतः हल्ल्याचा फासा टाकतो, तिथे या गुणाचा काडीचाही उपयोग होत नाही.

आकडेमोड करून पाहा. तुमचा स्पेल सेव्ह डीसी (शत्रूला गाठायचा आकडा) १५ आणि शत्रूचा सेव्ह +४ (फाशात मिळवायचे) असेल, तर त्याला ११ किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे वाचण्याची शक्यता ५० टक्के. ॲडव्हांटेजमुळे ती ७५ टक्के होते. आता फायरबॉल घ्या: आठ डी-६ (सहा बाजूंचे फासे), सरासरी २८, सेव्ह झाला तर अर्धं. साध्या शत्रूवर सरासरी २१ डॅमेज होतं, मॅजिक रेझिस्टन्सवाल्यावर साडेसतरा. फरक फक्त साडेतीनचा! पण 'पकडून ठेवणारा' स्पेल टाकलात, जिथे सेव्ह झाला की हाती शून्य, तर तुमची यशाची शक्यता ५० वरून थेट २५ टक्क्यांवर येते. म्हणून अशा शत्रूसमोर मांत्रिकाने हातपाय गाळायचं कारण नाही. फक्त सगळं-किंवा-काहीच-नाही प्रकारचे स्पेल मागे ठेवायचे आणि अर्धं तरी डॅमेज देणारे पुढे काढायचे.

दुसरा प्रकार डॅमेजच्या जातीचा. २०१४च्या पुस्तकातला लोखंडी गोलेम आग, विष आणि मानसिक डॅमेजला पूर्ण इम्यून आहे. आग तर तो शोषून घेतो आणि तेवढे हिट पॉइंट (जीव मोजायचे आकडे) परत मिळवतो. पण वीज त्या यादीत नाही. लाइटनिंग बोल्ट त्याला लागतो, फक्त सेव्हला ॲडव्हांटेज असतो. म्हणजे "गोलेमवर जादू चालत नाही" हे या आवृत्तीपुरतं खोटंच आहे. हे वाक्य तिसऱ्या आणि त्याआधीच्या आवृत्त्यांच्या काळातून तोंडी चालत आलेलं आहे.

तिसरा प्रकार त्या तिसऱ्या आवृत्तीतला, 'स्पेल रेझिस्टन्स'. इथे मांत्रिकालाच परीक्षा द्यावी लागते: डी-२० (वीस बाजूंचा फासा) अधिक त्याची कास्टर लेव्हल (मांत्रिक म्हणून पातळी), आणि बेरीज शत्रूच्या आकड्याइतकी किंवा जास्त हवी. नवव्या लेव्हलचा विझर्ड आणि १८चा स्पेल रेझिस्टन्स असेल तर फाशावर ९ किंवा वर पाहिजेत, म्हणजे ६० टक्के. त्याआधी, १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत, हे सरळ टक्क्यांत लिहिलेलं असे: टक्केवारीचे फासे टाका, आकडा त्या टक्क्यांच्या आत आला तर स्पेल त्या प्राण्यापुरता वाया.

चौथा प्रकार मर्यादित इम्युनिटी. २०१४च्या पुस्तकातल्या 'राक्षस' (रक्षसा) नावाच्या प्राण्यावर सहाव्या किंवा त्याखालच्या लेव्हलचा कोणताही स्पेल त्याच्या इच्छेविरुद्ध परिणाम करत नाही. हेल्म्ड हॉररला, म्हणजे जादूने चालणाऱ्या रिकाम्या चिलखताला, त्याच्या निर्मात्याने निवडलेल्या तीनच स्पेलची इम्युनिटी असते. पुस्तकात उदाहरण म्हणून फायरबॉल, हीट मेटल आणि लाइटनिंग बोल्ट दिले आहेत. तिथे चौथा एखादा स्पेल काढून पाहायचा. पाचवा प्रकार म्हणजे अँटीमॅजिक, जो प्राण्याचा नसून जागेचा गुण आहे. त्याच्याकडे नंतर वळू.

इम्युनिटीचं वाक्य शब्दशः वाचायची सवय लावून घ्या. हिरण्यकशिपूने वर मागितला तेव्हा दिवस-रात्र, आत-बाहेर, माणूस-पशू, अस्त्र-शस्त्र सगळं बांधून घेतलं, आणि तरी संध्याकाळ, उंबरठा, नरसिंह आणि नखं शिल्लक राहिलीच. 'स्पेल', 'जादुई परिणाम', 'जादुई नसलेला हल्ला' हे तीन शब्दप्रयोग तीन वेगळ्या फटी उघड्या ठेवतात.

पायरी २: शेवटी अंगाला काय लागतं ते विचारा

सगळा विषय खरं तर या पायरीत आहे, तेव्हा इथे जरा रेंगाळू.

जादूचा हल्ला शत्रूपर्यंत पोचायचे मार्ग अनेक आहेत. स्पेल थेट त्याच्या शरीरावर किंवा मनावर पडतो, तेव्हा संरक्षण पूर्ण लागू होतं. इथे कुणाचा वाद नसतो.

दुसरा मार्ग: जादू वस्तू निर्माण करते किंवा हलवते आणि पुढचं काम ती वस्तू करते. तिसऱ्या आवृत्तीच्या सुधारित नियमांत (२००३) गोलेमची इम्युनिटी अशी लिहिली आहे की ज्या स्पेलला स्पेल रेझिस्टन्स लागू होतो त्या स्पेलपासून तो मुक्त. आणि प्रत्येक स्पेलच्या वर्णनात 'स्पेल रेझिस्टन्स: हो' किंवा 'नाही' अशी ओळ आहे. ग्रीस, वेब, ॲसिड ॲरो, वॉल ऑफ स्टोन या सगळ्यांपुढे 'नाही' आहे. त्यामुळे जादूला पूर्ण अभेद्य म्हणवणारा गोलेम तेलकट जमिनीवर खुशाल घसरून पडतो आणि दगडी भिंतीमागे अडकतो. ती एक ओळ वाचणारा विझर्ड गोलेमसमोर कधीच निरुपयोगी ठरत नाही.

पाचव्या आवृत्तीत ती ओळ नाही. ग्रीसवर सेव्ह आहे, म्हणजे मॅजिक रेझिस्टन्सवाल्याला ॲडव्हांटेज. राक्षस मात्र ग्रीसवरून नुसता चालत जाईल, कारण त्याच्या बाबतीत स्पेलचा 'परिणाम होणं'च बंद आहे आणि ग्रीस पहिल्या लेव्हलचा स्पेल आहे. पण वॉल ऑफ स्टोन पूर्ण दहा मिनिटं एकाग्रतेने टिकवून कायमची केली असेल, तर ती आता साधी दगडी भिंत आहे. तिच्यातून राक्षसाने आरपार जावं असं मला वाटत नाही. वॉल ऑफ फोर्सबद्दल (जादुई बळाची अदृश्य भिंत) मात्र टेबलांवर दोन तट पडतात, कारण ती भिंत म्हणजे निव्वळ स्पेल आहे. माझं मत: ती त्याला अडवू नये. तुमच्या डीएमचं मत लढाईच्या आधी विचारून ठेवा, मध्यात नको.

तिसरा मार्ग म्हणजे शस्त्रावरची जादू. फायटरच्या त्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. मॅजिक वेपन हा दुसऱ्या लेव्हलचा स्पेल तलवारीवर पडतो, राक्षसावर नाही. राक्षसाला लागतं ते पोलादच. म्हणून त्याची स्पेलपासूनची इम्युनिटी इथे आड येत नाही. उलट तलवार जादूची झाल्यामुळे त्याची दुसरी इम्युनिटी, साध्या शस्त्रांपासूनची, तीही बाजूला होते. जादूला अभेद्य असणाऱ्यांना जादूची तलवारच लागते, हे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं, पण अनेक आवृत्त्यांत ते असंच आहे.

मात्र त्याच तलवारीतून वेगळा 'परिणाम' निघत असेल तर तो वेगळा मोजायचा. पॅलाडिनचा (धर्मयोद्ध्याचा) डिव्हाइन स्माइट, म्हणजे घावाला जोडलेलं दैवी डॅमेज, २०१४च्या नियमांत वर्गाचा गुण होता, स्पेल नव्हता, त्यामुळे मर्यादित इम्युनिटीवाल्या राक्षसावर तो पूर्ण बसत असे. २०२४च्या नियमांत तोच स्माइट स्पेल झाला. पात्र तेच, घाव तोच, पण जुनं राक्षसाचं पान आणि नवा पॅलाडिन एकत्र खेळवलेत तर निकाल फिरतो.

चौथा मार्ग, आणि माझ्या मते सगळ्यात कमी वापरला जाणारा: स्पेल आपल्याच माणसावर टाका. हेस्ट (वेग), ब्लेस (आशीर्वाद), एनलार्ज (आकार वाढवणं) हे सगळे फायटरवर पडतात. शत्रूची इम्युनिटी त्यांना ओळखतसुद्धा नाही. जादूला अभेद्य शत्रूसमोर चांगला मांत्रिक फायटरला दुप्पट करतो. नवे खेळाडू असं करायला नाखूश असतात, कारण डॅमेजचे फासे दुसऱ्याच्या हातात जातात. पण लढाई जिंकली जाते.

पाचवा मार्ग बोलावलेले प्राणी. कंज्युअर ॲनिमल्सने आलेला लांडगा चावतो तेव्हा चावा स्पेलचा नसून दातांचा असतो, त्यामुळे स्पेलविरुद्धचं संरक्षण त्याला थांबवत नाही. फक्त इथे दुसरी अडचण समोर येते: २०१४च्या नियमांत त्या लांडग्याचे दात जादुई नाहीत. राक्षस आणि लोखंडी गोलेम दोघेही जादुई नसलेल्या घावांना इम्यून आहेत. म्हणजे आठ लांडगे जादूच्या संरक्षणातून आत शिरतात आणि शस्त्राच्या संरक्षणावर आपटतात. तरीही ते वाट अडवू शकतात, शत्रूचे वार स्वतःवर घेऊ शकतात. तेवढ्यासाठी बोलवायचे असतील तर खुशाल बोलवा.

पायरी ३: पोलादाची बाजू तपासा

शस्त्रांपासूनचं संरक्षण पूर्वी फार कडक होतं. जुन्या नियमांत काही राक्षसी प्राण्यांना +१ किंवा त्याहून वरच्या जादुई शस्त्रानेच इजा व्हायची. ते नसेल तर पळा. तिसऱ्या आवृत्तीने 'डॅमेज रिडक्शन' (प्रत्येक घावातून ठरावीक आकडा वजा करणं) आणलं आणि २००३च्या सुधारणेत त्याला चांदी, थंड लोखंड, ॲडमँटाइन (काल्पनिक, अतिकठीण धातू) अशा धातूंशी जोडलं. पाचव्या आवृत्तीने ते सोपं करून निम्मं डॅमेज किंवा शून्य डॅमेज एवढंच ठेवलं. आणि २०२५च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये 'जादुई नसलेल्या शस्त्रांपासून' हा भेदच काढून टाकला गेला. त्यामुळे डीएम कोणतं पुस्तक उघडून बसला आहे हे आधी विचारा. लांडगामानवावर साधी तलवार चालेल का, याचं उत्तर पुस्तकागणिक बदलतं.

ठरावीक आकडा वजा होतो की निम्मं होतं, यावर तुमची लढायची पद्धत ठरते. समजा डॅमेज रिडक्शन १० आहे. दोन सुऱ्यांनी लढणारी 'रोग' (चोरट्या चालीचं पात्र) एका फेरीत ६ आणि ६ असे दोन घाव घालते: दोन्ही शून्य. बार्बेरियनचा कुऱ्हाडीचा एकच घाव १८चा: आठ आत गेले. एकूण १२ आणि १८ यांत फारसं अंतर नाही, पण निकालात शून्य आणि आठ. याउलट निम्मं करणाऱ्या संरक्षणासमोर ६ आणि ६ चे ३ आणि ३ होतात, १२च्या एका घावाचे ६. काही फरक नाही. म्हणून ठरावीक वजाबाकी असेल तिथे घाव मोजके पण जड ठेवा: दोन्ही हातांचं शस्त्र, पॉवर अटॅक (नेम थोडा सोडून जोर वाढवलेला घाव), जे काही असेल ते एका फटक्यात. पाचव्या आवृत्तीत एकाच प्रकारच्या डॅमेजवर दोन ठिकाणांहून रेझिस्टन्स आला तरी डॅमेज एकदाच निम्मं होतं, पाव नाही. हेही डीएमला आठवण करून द्यावं लागतं.

जादूची तलवार नसेल तर काय? २०१४च्या नियमांत शस्त्राला चांदीचा मुलामा १०० सुवर्णनाण्यांत मिळतो आणि लांडगामानवासारख्यांवर तो चालतो. सहाव्या लेव्हलच्या माँकचे हात-पाय जादुई मानले जातात, त्याच लेव्हलला मून ड्रुइडचे प्राणीरूपातले दात-नखंही. पार्टीत (खेळाडूंच्या गटात) यांपैकी कुणी असेल तर जुन्या गोलेमसमोर त्यांना पुढे ठेवा आणि बाकीच्यांनी त्यांना टिकवून ठेवायचं काम करा.

पायरी ४: घाव न घालता लढा

इम्युनिटीच्या वाक्यात 'हल्ल्यातून होणारं डॅमेज' असं लिहिलेलं असतं. कड्यावरून पडणं हा हल्ला नाही. पाचव्या आवृत्तीत प्रत्येक १० फुटांना एक डी-६, जास्तीत जास्त २० फासे, आणि तो मार साध्या शस्त्रांना इम्यून असणाऱ्यालाही लागतो. साठ फूट खोल दरीत ढकललेला लांडगामानव सहा फासे खातोच, चांदी असो वा नसो.

ढकलणं, पाडणं, धरून ठेवणं यांना बहुतेक संरक्षणं ओळखत नाहीत. लोखंडी गोलेमच्या इम्युनिटीच्या यादीत भीती, विष, लकवा वगैरे आहे. 'खाली पडलेला' आणि 'धरलेला' या अवस्था नाहीत. तो आकाराने लार्ज, तुम्ही मीडियम, आणि एक आकार मोठ्या शत्रूला धरता येतं. ताकद त्याची प्रचंड आहे हे खरं, पण एनलार्ज केलेला बार्बेरियन रेजमध्ये (संतापाच्या अवस्थेत) असेल तर सामना बरोबरीकडे झुकतो. खाली पाडलात की जवळून लढणाऱ्या सगळ्यांना ॲडव्हांटेज. तिरंदाजांना मात्र डिसॲडव्हांटेज, तेव्हा पाडण्याआधी पार्टीत धनुष्यं किती आहेत ते मोजा.

दार लावून घेणं ही सुद्धा लढाईच आहे. ज्याला मारता येत नाही त्याला कोंडता येतं, आणि गोलेमांना सहसा दिलेला हुकूम सोडून दुसरं काही सुचत नाही.

पायरी ५: जिथे जादूच मरते

अँटीमॅजिक फील्ड हा आठव्या लेव्हलचा स्पेल, दहा फूट त्रिज्येचा गोल, टाकणाऱ्याबरोबर सरकणारा. त्याच्या आत स्पेल चालत नाहीत, बोलावलेले प्राणी तेवढ्या वेळापुरते नाहीसे होतात, आणि फायटरची +२ तलवार साधी तलवार होते. ती मोडत नाही, बाहेर आली की पुन्हा +२. जादूचं चिलखत, ताकद वाढवणारा पट्टा, अंगावरचा हेस्ट, सगळ्याचं तेच.

इथे योद्धे खूश होतात आणि मग फसतात. कारण समोरचा जर साध्या शस्त्रांना इम्यून असेल, तर तुमची जादूची तलवार आता साधी आहे. त्याची इम्युनिटी मात्र स्पेल नसेल, शरीराचाच गुण असेल, तर टिकून आहे. तिसऱ्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलं आहे की एकदा घडवून झालेला गोलेम अँटीमॅजिकमध्ये बंद पडत नाही. त्याच्यासमोर अँटीमॅजिक लावणं म्हणजे स्वतःच्याच हातातलं शस्त्र बोथट करणं. ॲडमँटाइनची तलवार तिथेही ॲडमँटाइनचीच राहते, कारण धातू जादू नाही. एक तरी चांगल्या धातूचं, बिनजादूचं शस्त्र पाठीवर असावं, ते याचसाठी. ड्रॅगनचा श्वासही पाचव्या आवृत्तीत अँटीमॅजिकने थांबत नाही. तो त्याच्या शरीराचा भाग मानला जातो.

बिहोल्डरची, म्हणजे अनेक डोळ्यांच्या तरंगत्या गोळ्याची, गंमत वेगळीच. त्याच्या मधल्या डोळ्यातून १५० फुटांचा अँटीमॅजिकचा शंकू निघतो, पण त्या शंकूत त्याचे स्वतःचे बाकीचे किरणही विझतात. म्हणजे शंकूत उभ्या असलेल्या योद्ध्याची जादू गेली खरी, पण त्याच्यावर किरणही येणार नाहीत. उरला तो फक्त चावा. किरणांची भीती शंकूबाहेरच्यांना. त्यामुळे साध्या धनुष्याचा माणूस शंकूत आणि मांत्रिक शंकूबाहेर आडोशाला, अशी मांडणी करून पाहा. बिहोल्डर आपल्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला शंकूची दिशा बदलू शकतो किंवा तो बंद करू शकतो, तेव्हा आडोसा हवाच. आणि तो तरंगत असल्यामुळे नुसती तलवार घेऊन खाली उभं राहून भागत नाही.

या सगळ्याच्या बरोबर उलट टोकाला असलेलं एक संरक्षण संगणकावरच्या बाल्डर्स गेट २ (२०००) मध्ये आहे. तिथले शत्रू मांत्रिक स्वतःवर 'प्रोटेक्शन फ्रॉम मॅजिकल वेपन्स' टाकतात आणि चार फेऱ्या तुमची +३ तलवार त्यांना स्पर्शही करू शकत नाही. उपाय काय? पिशवीतून कोणतंही साधं, बिनजादूचं शस्त्र काढा. स्टोनस्किन या स्पेलचे थर असतील तर तेही त्याच घावांनी उतरतात. नवे खेळाडू पहिल्याच संधीला साधी शस्त्रं विकून टाकतात आणि मग या मांत्रिकांसमोर अडकतात.

पायरी ६: तुमचंच पात्र जादूला अभेद्य असेल तर

असं पात्र करायचा मोह सगळ्यांना होतो. तिसऱ्या आवृत्तीत स्पेल रेझिस्टन्स मित्राचा स्पेल आणि शत्रूचा स्पेल असा फरक करत नाही. क्लेरिक (पुजारी) तुम्हाला बरं करायला आला तरी त्याला तीच परीक्षा द्यावी लागते, नाहीतर तुम्ही आपली स्टँडर्ड ॲक्शन (फेरीतली मुख्य कृती) खर्च करून रेझिस्टन्स खाली ठेवायचा, तोही फक्त पुढच्या फेरीपर्यंत. आणि बेशुद्ध पडलात तर ॲक्शन कुठली? पाचव्या आवृत्तीतला मॅजिक रेझिस्टन्स असा त्रास देत नाही, कारण क्युअर वूंड्स या बरं करणाऱ्या स्पेलवर सेव्ह नसतो. युआन-टी किंवा सॅटर या वंशाचं पात्र निवडणाऱ्यांना त्यामुळे तो जवळजवळ फुकट मिळतो. माझ्या दृष्टीने जरा जास्तच फुकट. घरचा गुण तयार करत असाल तर बरे करणारे स्पेलही निम्मेच लागतील अशी किंमत त्याला जोडून पाहा, पात्र लगेच रंगतदार होतं.

एक लढाई, सुरुवातीपासून

तिसऱ्या आवृत्तीच्या सुधारित नियमांतला (२००३) लोखंडी गोलेम: डॅमेज रिडक्शन १५, फक्त ॲडमँटाइन त्यातून आरपार जातं. जादूला इम्यून, तीन अपवाद सोडून: विजेने तो तीन फेऱ्या मंदावतो, आगीने मंदपणा जातो आणि दर तीन डॅमेजमागे एक हिट पॉइंट भरून निघतो, आणि गंज त्याला नेहमीसारखाच खातो. पार्टीत विझर्ड, क्लेरिक, फायटर आणि रोग.

पहिल्या फेरीत विझर्ड विजेचा स्पेल टाकतो. डॅमेज होणार नाही हे माहीत असूनच, त्याला हवा आहे तो मंदपणा. क्लेरिक फायटरची ताकद वाढवतो. फायटर लगेच भिडत नाही; गोलेमला विषारी वायू सोडता येतो, म्हणून सगळे एका कोपऱ्यात गर्दी करत नाहीत. दुसऱ्या फेरीत गोलेमच्या पायाखाली ग्रीस. तो पडला तर फायटर दोन्ही हातांच्या तलवारीने, पॉवर अटॅक लावून घाव घालतो: एकच, पण ३०चा. पंधरा आत. रोगचा स्नीक अटॅक (मर्मावरचा घाव) गोलेमवर चालत नाही, कारण या आवृत्तीत रचलेल्या यंत्रप्राण्यांना मर्मस्थान नाही. तिने पुढचं दार उघडायला घ्यावं किंवा फायटरच्या विरुद्ध बाजूने गोलेमला भिडून फायटरला फ्लँकचे (दोन बाजूंनी घेरल्याचे) +२ मिळवून द्यावेत. कुणीही, काहीही झालं तरी, आग वापरायची नाही. पेटत्या तेलाचीसुद्धा नको, निदान तिच्याबद्दल डीएमला विचारेपर्यंत.

समोर दगडी गोलेम असता तर याहून सुंदर डाव होता. त्याच्यावर स्टोन टू फ्लेश टाकला की त्याचं शरीर बदलत नाही, पण एक पूर्ण फेरी त्याची जादूची इम्युनिटी आणि डॅमेज रिडक्शन दोन्ही जातात. त्या एका फेरीसाठी सगळ्यांनी आपले मोठे घाव राखून ठेवायचे: विझर्डने आधी, बाकीच्यांनी लगेच त्याच्या मागोमाग. इनिशिएटिव्हचा (पाळ्यांचा) क्रम जुळत नसेल तर 'डिले' करून, म्हणजे आपली पाळी मागे ढकलून, जुळवून घ्या.

डीएमसाठी दोन शब्द

अभेद्य शत्रू आणायचा असेल तर त्याचा सुगावा आधी लागू द्या: भिंतीवर जळक्या खुणा आहेत पण पुतळा स्वच्छ आहे, मेलेल्या साहसवीराच्या हातात तुटलेली साधी तलवार आहे. खेळाडूंनी ज्ञानाचा फासा टाकला तर "जादू चालत नाही" असं मोघम न सांगता नेमकं काय चालत नाही ते सांगा. खेळाडूंनाही एक सांगणं: मोठा स्लॉट (मोजक्याच मिळणाऱ्या स्पेलपैकी एक) खर्च करण्याआधी कँट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा छोटा स्पेल) टाकून चाचपून पाहा. फायर बोल्ट लागला आणि काही झालं नाही तर आग गेली. रे ऑफ फ्रॉस्टनेही काही झालं नाही तर मग पायरी एकवर परत या.

आणि वॉल ऑफ फोर्स, उडवलेले दगड, स्पेलने कोसळवलेलं छत यांच्यासारख्या काठावरच्या गोष्टींवर जो निर्णय द्याल तो कागदावर लिहून ठेवा, कारण पुढच्या वेळी तोच दगड खेळाडूंच्या अँटीमॅजिकमधल्या पात्रावर पडणार आहे.